धाकटा साडू ओला कसा झाला

त्या सिनेमाचं खरं नाव इतकं बेचव होतं की तिकीट काढायला निघालेला माणूस खिडकीपाशी पोचेपर्यंत ते विसरला असेल. म्हणून तिने त्याला पहिल्यापासूनच कपाटाचा सिनेमा म्हटलं होतं.

गोष्ट एवढीशी. दोन साडू. सासूबाईंनी फर्मान सोडलंय, की घरातलं जुनं कपाट दोघांनी मिळून चौथ्या मजल्यावर चढवून द्यायचं. दोघांचं आपसात विस्तवही जात नाही. कपाट तिसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकतं ते अडकतंच. वर जाईना, खाली येईना. वरचे लोक वर राहतात, खालचे खाली, आणि अख्खी इमारत त्या कपाटाशेजारच्या फटीतून संसार चालवायला लागते. फटीतून भाजी जाते, फटीतून भांडण येतं, फटीतून एक लग्नसुद्धा ठरतं. थोरला साडू सगळ्यांवर ओरडत असतो आणि धाकटा काहीच बोलत नाही. त्याचा चेहरा कायम असा, की कुणीतरी झोपेतून उठवलंय आणि तक्रार करायची भीड वाटतेय.

सिनेमा एक आठवडा चालला आणि नाहीसा झाला. ती कॉलेजात असताना भाड्याने डिस्क देणारं शेवटचं दुकान बंद पडलं, तेव्हा दुकानदाराने "ही कुणी नेतच नाही, तू तरी ने बाई," म्हणून तिच्या हातावर ठेवली. सुट्टीत सगळं होस्टेल रिकामं असताना तिने ती एकटीने पाहिली आणि हसता हसता खुर्चीवरून खाली आली. तेव्हापासून तो सिनेमा सगळ्यांना दाखवायचा हे तिने व्रतासारखं धरलं.

आणि तिथेच सगळं बिघडत गेलं. कारण तिला दाखवता येत नसे.

"आता बघ, आता तो दार उघडणार," ती म्हणायची. "हां, आता म्हातारी कशी येते बघ!" विनोद पडद्यावर यायच्या आधी तिच्या तोंडून बाहेर पडलेला असायचा. स्थानकावर गाडीच्या आधी घोषणा होते तशी. होस्टेलच्या मैत्रिणींनी तिचं नावच 'घोषणा' पाडलं, आणि ते इतकं चिकटलं की लग्नात नवऱ्याच्या मित्रांनीही तिला तेच म्हटलं.

आता होस्टेलमधली एकच मैत्रीण जवळ उरली होती. ती विमा कंपनीत साहेबीण होती आणि सगळ्यांच्या वतीने सगळं ठरवायची, म्हणून सरपंच. दुसरा बारक्या, घरांचे नकाशे काढणारा, जो दारातून आत येताना जरा तिरका व्हायचा. मग घोषणाचा नवरा, लिफ्टच्या कंपनीत नोकरीला. महिन्यातून एका रविवारी दुपारी कुणाच्या तरी घरी जमायचं आणि सिनेमा पाहायचा, हा त्यांचा रिवाज. ज्याचं घर त्याचा सिनेमा. दुसरा नियम सरपंचाने खास घोषणासाठी केला होता : सिनेमा निवडणाऱ्याने मागे बसायचं आणि तोंड उघडायचं नाही.

नियम होऊनही काही साधलं नाही. पहिल्यांदा ती मागे बसून इतकी खुसखुसली की सगळे वळून तिच्याकडेच बघत राहिले. दुसऱ्यांदा वीज गेली. तिसऱ्यांदा तिची लेक, पिल्लू, दोन महिन्यांची होती. आतल्या खोलीत झोपलेली पिल्लू श्वास घेतेय ना, हे बघायला ती इतक्यांदा सिनेमा थांबवून आत गेली की बारक्या म्हणाला, "अगं, त्या साडूंचं कपाट तरी हलेल, हा सिनेमा काही पुढे सरकायचा नाही." नवरा तर दर वेळी पहिल्या मजल्यावरच झोपी जायचा. "लिफ्ट असती तर हा सिनेमाच झाला नसता," एवढंच त्याचं रसग्रहण. शेवटी सरपंचाने निकाल दिला : कपाट पुन्हा नाही.

सगळे हसले, तीही हसली. पण सगळे गेल्यावर तिला आत कुठेतरी दुखत राहिलं. पिल्लू झाल्यापासून तिचं असं काही उरलं नव्हतं. पलंगाची भिंतीकडची बाजू पिल्लूची, दुपार पिल्लूची, झोप पिल्लूची. डॉक्टर तिला "पिल्लूची आई" म्हणून हाक मारत, खालचा दुकानदारही तेच. रजा वाढवून वाढवून ऑफिसातलं टेबलसुद्धा दुसऱ्याला गेलं होतं. एक कपाटाचा सिनेमा तेवढा तिचा होता. तो कुणाला आवडावा, आणि "काय शोधून काढलंस गं!" असं एकदा कुणीतरी म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

*

मग दातवाली आली. तिचा दातांचा दवाखाना सरपंचाच्या ऑफिसच्याच मजल्यावर होता. "एकटी असते बिचारी, येऊ दे आपल्यात," म्हणून सरपंचाने तिला आणली. बिचारी वगैरे काही ती नव्हती. उंच, शांत, हात कायम स्वच्छ धुतलेले. बोलायची कमी, पण जे बोलायची त्यावर सगळे हसायचे, आणि स्वतः मात्र हसायची नाही. दुसऱ्याच रविवारी बारक्या तिच्या शेजारी बसायला लागला. तिसऱ्या रविवारी सरपंच काहीही ठरवताना आधी तिच्याकडे बघायला लागली. कानामागून आली आणि तिखट झाली, असं घोषणाच्या मनात आलं, आणि असं मनात येणं बरं नाही हेही लगेच आलं. पण आलेलं गेलं नाही.

या रविवारी दातवालीचं घर होतं.

घर नीटनेटकं, पुस्तकं उंचीने लावलेली. घोषणाला आधी दिसलं ते काचेचं टेबल. चारही कोपरे अगदी पिल्लूच्या कपाळाच्या उंचीला येतील असे. ती पिल्लूला मांडीवर घट्ट धरून सोफ्याच्या टोकाला बसली. दातवालीने न बोलता टेबल उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवलं. याचाही घोषणाला राग आला. आपल्या मनातलं कुणी ओळखावं आणि ते दातवालीनेच!

"कोणता सिनेमा?" सरपंचाने विचारलं.

"बघा," दातवाली म्हणाली. पडदे ओढले आणि जाऊन मागे बसली.

पडद्यावर एक जिना आला. रिकामा. मग चार पाय.

ते पाय घोषणा कुठेही ओळखू शकली असती. थोरल्याच्या डाव्या बुटाची नाडी सुटलेली असते. एक क्षण तिला वाटलं, हे आपल्यासाठीच आहे, कुणीतरी आपल्याला खूश करायला. पण दातवालीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"अगं, हे तर..." सरपंच सरसावून बसली. "हे घोषणाचं कपाट!"

"श्श्," बारक्या म्हणाला. तो घोषणाच्या वेळी कधी श्श् म्हणाला नव्हता.

"घोषणा, आज तू पाहुणी हं! एक शब्द नाही," सरपंचाने बजावलं.

आणि मग ते घडलं. थोरला साडू जिन्यावर पहिल्यांदा घसरला तेव्हा बारक्या हसला. म्हातारी फटीतून हात घालून त्याच्या खिशातला रुमाल काढते तेव्हा सरपंच हसली, ती ऑफिसात कधी हसत नसेल तशी, तोंड उघडं टाकून. आणि नवरा! इतके दिवस पहिल्या मजल्यावर झोपणारा तिचा नवरा तिसऱ्या मजल्यापर्यंत टक्क जागा होता आणि डोळे पुसत होता. तिने त्याला असं हसताना कधी पाहिलं होतं? साखरपुड्यानंतर नाही.

तीच ती चित्रं, तेच ते विनोद. फरक एवढाच की आज ते तिच्या हातून मिळत नव्हते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, तिला वाटलं. बीळ मी उकरलं, नखं माझी तुटली.

ती नाही हसली. ओठ आत ओढून बसली. पिल्लूच्या पाठीवर मात्र तिचा हात प्रत्येक विनोदाच्या क्षणभर आधी आपोआप थबकत होता.

सिनेमा अर्धा झाला तेव्हा पिल्लूच्या बाटलीसाठी पाणी घ्यायला ती उठली. नवऱ्याला डोळ्यांनी खुणावलं. तो स्वयंपाकघरात आला तोवर चेहऱ्यावरचं हसू मावळलंही नव्हतं.

"हिला कुणी सांगितलं या सिनेमाबद्दल?"

"मी," तो सरळ म्हणाला. "दाढेचं काम करून घ्यायला गेलो होतो ना. ती म्हणाली, पहिल्यांदाच माझी पाळी आहे, काय दाखवू? म्हटलं, एक सिनेमा आहे."

"तोंडात कापूस असताना?"

"कापूस काढल्यावर."

"माझा सिनेमा देऊन टाकलास!"

"सिनेमा म्हणजे काय टूथब्रश आहे, दुसऱ्याला देऊ नये?" तो हसणार होता, पण तिचा चेहरा पाहून त्याने आवाज खाली आणला. "अगं, तू दाखवलास तर सरपंच बघू देत नाही. म्हटलं, हिच्या घरी तरी बघतील. तुला बरं वाटेल."

त्याने वाईट केलं असतं तर भांडता आलं असतं. चांगलंच केलं होतं, म्हणून नुसतं जळत बसणं नशिबी आलं. ती बाटली हलवत राहिली, पाणी कोमट आहे की नाही ते मनगटावर दोनदा बघितलं, आणि परत येऊन बसली.

पडद्यावर धाकटा साडू दोरी आणायला गच्चीकडे निघाला होता. घोषणा नकळत पुढे सरकली. हा प्रसंग तिचा सगळ्यात लाडका. सगळा सिनेमा एका पारड्यात आणि हा दुसऱ्या पारड्यात. गच्चीवर पाण्याची मोठी टाकी असते, झाकण नसलेली. धाकटा साडू दोरी शोधत मागे मागे जातो आणि...

पडद्यावर एकदम जिना आला. धाकटा साडू चिंब भिजलेला, हातात दोरी, खाली उतरत होता.

तिला आधी कळेना. मग कळलं. कापलंय! टीव्हीवर जाहिराती घुसवायला कुणीतरी टाकीचा अख्खा प्रसंग कापून टाकला होता, आणि दातवालीला इंटरनेटवर मिळाली ती ही कापलेली प्रत. पूर्ण सिनेमा फक्त तिच्या डिस्कवर होता, तिच्या कपड्यांच्या खणात, पिल्लूच्या जुन्या टोप्यांखाली.

तिने हळूच सगळ्यांकडे पाहिलं. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. बारक्या मक्याच्या लाह्यांचं भांडं पोटावर ठेवून पुढच्या विनोदाची वाट बघत होता. सरपंच खिदळत होती.

आणि घोषणाला दुपारभरात पहिल्यांदा हसू आलं. लहानपणी शाळेत कुणाला न दाखवता गालात गोळी ठेवायची, तसं तिने ते हसू गालात ठेवलं. घ्या! सगळं घ्या. जीव माझ्याकडेच राहिला.

*

"काय शोधून काढलंस गं!" दिवे लागल्यावर सरपंच दातवालीला म्हणाली. नेमके तेच शब्द.

"मी नाही शोधला," दातवाली म्हणाली. "हिच्या नवऱ्याने सांगितला. आणि त्याला हिने."

"हो, पण घोषणा दाखवते म्हणजे..." बारक्याने हात हवेत उडवले. "गाढवापुढे वाचली गीता!"

"गाढव कोण त्यात?" नवऱ्याने विचारलं.

"मीच की," बारक्या म्हणाला, आणि सगळे पुन्हा हसले.

घोषणाच्या जिभेवर होतं. एकच वाक्य. 'तुम्ही पाहिलात तो अर्धामुर्धा आहे.' मग दातवालीचा चेहरा पडला असता, सरपंचाने "म्हणजे?" केलं असतं. पण तेवढं बोलली की ती पुन्हा घोषणाच. शिवाय सांगितलं असतं तर ते सगळ्यांचं झालं असतं. तिने गोळी गालातच ठेवली.

एवढ्यात तिच्या मांडीवरून पिल्लू झेपावली ती थेट दातवालीकडे. पिल्लू, जी नव्या माणसाला बघून दोन खोल्यांपलीकडे ऐकू जाईल अशी रडायची! दातवालीने तिला घेतलं. पिल्लूने तिचं बोट पकडून तोंडात घातलं.

"हात धुतलेत मी आत्ताच," दातवाली घोषणाकडे बघत आधीच म्हणाली. मग तिच्या भुवया वर गेल्या. बोट हिरडीवरून हलकेच फिरवलं. "अगं, खाली एक आलाय की! आत्ताच फुटलेला. टोक लागतंय."

"कुठे, कुठे?" सरपंच वाकली. बारक्या वाकला. नवऱ्याने फोन काढला. सगळे पिल्लूच्या तोंडाभोवती गोळा झाले. पिल्लू त्या गर्दीकडे बघून खुशीत लाळ गाळत होती.

घोषणा जागच्या जागी उभी राहिली. पिल्लू झोपली की नाकाखाली बोट धरून श्वास बघणारी ती. आंघोळीचं पाणी कोपराने तपासणारी ती. पिल्लू दोन दिवस किरकिरत होती, मुठी चावत होती, तेव्हा पोट दुखतंय म्हणून पोट चोळत बसलेलीही तीच. आणि पहिला दात सापडला तो हिला. माझा सिनेमा, माझा नवरा, माझी मैत्रीण, आणि आता माझ्या पोरीचा दात!

"बघ ना तू," दातवाली म्हणाली आणि पिल्लूला तिच्याकडे दिलं. "बोट असं आडवं फिरव."

तिने फिरवलं. होता. मिठाच्या खड्याएवढा, खरखरीत. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांना वाटलं आनंदाचं. अर्धं तसं होतंही.

*

निघताना नेहमीची गडबड. नवरा बाबागाडी घेऊन खाली गेला, त्याच लिफ्टने सरपंच आणि बारक्याही. "बारक्या असताना चौथं माणूस नको," नवरा म्हणाला, "मी कंपनीचा माणूस आहे, मला माहीत आहे." घोषणा पिल्लूला कडेवर घेऊन मागे राहिली, कारण पिल्लूचा एक मोजा सापडत नव्हता. तो सोफ्याखाली निघाला. दातवालीने गुडघ्यावर बसून काढला.

तशीच बसल्या बसल्या ती म्हणाली, "एक विचारू? हसू नकोस."

"विचार."

"तो धाकटा साडू. गच्चीवर दोरी आणायला जातो तेव्हा कोरडा असतो. परत येतो तो चिंब. पाऊस नाही, काही नाही. आणि मग शेवटपर्यंत त्याच्या बुटांतून पचक पचक आवाज येतो, लग्नाची बोलणी चालू असतानासुद्धा. मी ठरवण्याआधी एकदा पाहिला होता, आज पुन्हा पाहिला. मला वाटलं, माझंच लक्ष चुकलं." तिने मोजा पिल्लूच्या पायात चढवला. "हे लोक हसत होते, कुणाला विचारायची लाज वाटली. तुला माहीत असेल. तो ओला कसा झाला?"

घोषणाने पिल्लूचा दुसरा मोजा उगाच वर ओढला. इतक्या वर्षांत तिने तो सिनेमा जमेल त्याच्या गळ्यात मारला होता. बुटांचा तो आवाज कुणाच्याही कानावर गेला नव्हता. नवऱ्याच्या नाही, सरपंचाच्या नाही. बोलणी चालू असतानासुद्धा पचक पचक येतो, हे जगात फक्त तिला ठाऊक होतं.

सगळी टाकी तिच्या तोंडात भरून आली. की तो मागे मागे जातो आणि आत पडतो. की तेवढ्यात घरमालकीण कपडे वाळत घालायला वर येते. की गळ्यापर्यंत पाण्यात उभा असूनही भिडेखातर तो तिला बाहेर काढा म्हणत नाही, तिच्या सुनेच्या तक्रारी ऐकून घेतो, मधूनमधून "हो ना" म्हणतो. की खाली नळ सुटतात आणि पाणी हळूहळू...

तिने तोंड मिटलं.

"सांगणार नाही," ती म्हणाली.

"का?"

"सांगितलं की मेलं. ते बघावं लागतं. तुझ्या प्रतीत कापलंय. माझ्याकडे डिस्क आहे, सगळी."

"कापलंय!" दातवाली ताडकन उठली. तिचा नेहमीचा शांत चेहरा चक्क रागावला होता. "कापलं म्हणजे काय? कुणी?"

तो राग बघून घोषणाला इतकं बरं वाटलं की तिला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. "माझा लॅपटॉप जुना आहे पण," ती म्हणाली. "डिस्कचा खण आपोआप बाहेर येतो. सिनेमा संपेपर्यंत बोटाने दाबून धरावा लागतो."

"मी धरते. दिवसभर लोकांच्या तोंडात बोट धरूनच उभी असते मी. मग असं करू, सरपंचाला विचारू, पुढच्या रविवारी सगळ्यांनाच..."

"नको!"

ते इतक्या जोरात निघालं की पिल्लू दचकली. घोषणाने तिला थोपटलं आणि आवाज खाली आणला.

"सरपंच नको. बारक्या नको. यालाही नको, शनिवारी हा कामावर असतो. शनिवारी ये. एकटीच ये."

दातवालीने मान डोलावली. मग पहिल्यांदाच तिचे दात दिसले. पुढचे दोन किंचित वाकडे होते.

"आणि त्यांना सांगू नकोस," घोषणा म्हणाली.

"नाही."

"शप्पथ?"

"पिल्लूच्या दाताची."

लिफ्ट वर आली. खाली फाटकापाशी नवरा बाबागाडी मागेपुढे करत उभा होता. सरपंच आणि बारक्या पुढे निघून गेले होते.

"केवढा वेळ! एवढं काय बोलत होतात?"

तिने पिल्लूला गाडीत बसवलं, पट्टा लावला, बसलाय की नाही ते ओढून पाहिलं.

"दाताबद्दल," ती म्हणाली.